अर्जाची इंग्रजी, अ‍ॅपची इंग्रजी

मोबाईलमुळे इंग्रजी आता सर्वांना खुली झाली, असे विधान गेल्या काही वर्षांत वरचेवर ऐकू येते. शिक्षणखात्यातले अधिकारी ते करतात, अ‍ॅप काढणाऱ्या कंपन्या करतात आणि आपल्या चळवळीतले काही तरुण कार्यकर्तेही करतात. शिकवणीची फी नको, शहरात खोली घेणे नको, मास्तरची मर्जी नको. खिशातल्या यंत्रात इंग्रजी आहे, ज्याला हवी त्याने ती घ्यावी, असा या विधानाचा अर्थ. मी मुळशी तालुक्यातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझे वडील पिरंगुटच्या एका कारखान्यात हेल्पर होते आणि आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. त्यामुळे हे विधान खरे ठरावे असे मला मनापासून वाटते. पण एखादी गोष्ट खरी ठरावी असे वाटणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे. ‘तुम्हाला इंग्रजी खुली झाली’ असे आपल्या समाजाला यापूर्वीही सांगण्यात आले आहे. तेव्हा तेव्हा काय घडले, हे तपासल्याशिवाय आजच्या साधनाचे मोल ठरवता येणार नाही.

सुरुवात धारवाडपासून करावी लागते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. धारवाडच्या सरकारी शाळेत त्याला प्रवेश नाकारला होता. सरकारी शाळा म्हणजे सर्वांची शाळा, हे तत्त्व कागदावर होतेच. सरकारने उत्तर दिले, त्यात न्याय अर्जदाराच्या बाजूने असल्याचे मान्य केले. पण एका मुलाला बसवले तर बाकीची मुले शाळा सोडतील, म्हणून प्रवेश देता येत नाही, असा निर्णय दिला. दार खुले होते आणि मुलगा बाहेर होता. खुले असणे आणि आत घेतले जाणे यांतले अंतर आपल्या शिक्षणाच्या इतिहासात इतक्या लवकर नोंदले गेले आहे.

याच काळात पुण्यात म. फुले आणि सावित्रीबाई अस्पृश्य मुलामुलींना शिकवीत होते. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात शूद्रातिशूद्रांनी इंग्रजी शिकावी असा स्पष्ट आग्रह आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना म. फुल्यांनी सरकारच्या शिक्षणनीतीच्या वर्मावर बोट ठेवले. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते ज्ञान आपोआप खाली झिरपेल, अशी ती नीती होती. ते झिरपले नाही. रयतेच्या करातून उभ्या राहिलेल्या कॉलेजांचा लाभ कोणी घेतला, हे सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. पण वाघीण कोणाच्या अंगणात बांधायची, हे दूध पिणाऱ्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

मग आपल्या माणसांना इंग्रजी मिळाली कुठे? काही मिशनऱ्यांच्या शाळांत, आणि बरीचशी लष्करात. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींत शिपायांना आणि त्यांच्या मुलांमुलींना शिक्षण सक्तीचे होते, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. बाबासाहेबांची इंग्रजी पक्की व्हावी म्हणून त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून घोटून घेतली. तर्खडकरांचे पुस्तक त्या काळी हजारो घरांत असेल. ते त्या काळचे अ‍ॅपच म्हणा: स्वस्त, सुटसुटीत, मराठीतून इंग्रजीकडे नेणारे. पण रामजींच्या घरात त्या पुस्तकाशेजारी पहाटे उठून बसणारा एक बाप होता. तो चुका दाखवत होता, शब्द विचारत होता, आणि हा मुलगा या भाषेत मोठे काम करणार अशी त्याची खात्री होती. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. या यशाचे श्रेय एकट्या पाठमालेला कोणी देत नाही. मोबाईलच्या बाबतीत मात्र श्रेय यंत्राला देण्याची आपल्याला घाई झाली आहे.

या पहिल्या पिढ्यांनी इंग्रजीचा उपयोग कशासाठी केला, हे त्याहून महत्त्वाचे आहे. १८९० च्या दशकात लष्करातली महारांची भरती बंद झाली. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला सभा घेतली, गावोगावच्या महारांच्या सह्या गोळा केल्या आणि सरकारकडे अर्ज पाठवला. त्याची दाद लागेना, तेव्हा १९१० साली त्यांनी थेट लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे अर्ज केला. १९१९ च्या जानेवारीत बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. हे सारे काम इंग्रजीत झाले. पाटील ऐकत नाही, मामलेदार ऐकत नाही, म्हणून त्यांच्या डोक्यावरून जाऊन वरच्याला जाब विचारायचा, त्यासाठी ही भाषा होती. सवर्ण सुशिक्षिताला इंग्रजीने नोकरी दिली. आपल्याला तिने नोकरी दिली ती पुढे आणि थोड्यांना. पहिल्यांदा तिने दिला तो अर्ज. आपल्या इंग्रजीचे हे मूळ विसरून चालणार नाही. माझ्या मते कोणतेही नवे साधन याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे: या साधनाने शिकलेली इंग्रजी अर्ज करू शकते काय?

अर्जाची इंग्रजी ज्यांच्या हाती नव्हती त्यांचे काय झाले, हे पाहायला मला तालुक्याबाहेर जावे लागत नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले, तेव्हा मावळातली बावन्न गावे त्याच्या कक्षेत आली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे इतिहासात आहेत. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने मांडला आहे. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. तो कायदा इंग्रजीत होता आणि ज्यांच्या भातखाचरांवर तो चालला त्यांना अक्षरओळखही नव्हती. लढा हरला तो केवळ भाषेमुळे हरला, असे मी म्हणणार नाही. सावकार होते, त्यांच्या नावे गेलेल्या जमिनी होत्या, मोबदल्याचा पैसा होता, सरकार आणि कंपनी यांची युती होती. पण मुळशीच्या कष्टकऱ्याला इंग्रजीचा पहिला मोठा दणका बसला तो संपादनाच्या कागदातून, हे खरेच आहे. पाणी इथले, ते घाटाखाली भिऱ्याला पडले आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. गावाला लागलेले पाणी आणि शहराला लागलेला दिवा यांच्यामध्ये एक इंग्रजी कागद होता.

त्याच मुळशीत आज इंग्रजीचे पीक जोरात आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान याच तालुक्यात आहे. लवळ्याच्या टेकड्यांवर खासगी विद्यापीठे उभी आहेत. पौडजवळ खुबवली येथे १९९७ साली आंतरराष्ट्रीय निवासी महाविद्यालय निघाले आणि तिथे जगभरची मुले येतात. शिष्यवृत्तीवर गरीब घरातली मुलेही येतात, हे सांगितले पाहिजे. या संस्थांच्या फाटकावर पहारा देणारे, त्यांची स्वयंपाकघरे आणि बागा सांभाळणारे हात आसपासच्या गावांतलेच आहेत. त्या हातांची मुले जिल्हा परिषदेच्या शाळेतून माझ्या वर्गात येतात. एकाच तालुक्यात दोन इंग्रज्या नांदत आहेत. एक चर्चेची, दुसरी हुकूम समजण्यापुरती.

ही दुसरी इंग्रजी सुधारण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पूर्वी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होती. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ती पहिलीपासून आली. सवर्ण मध्यमवर्गातून त्यावर मराठीच्या काळजीने बरीच टीका झाली. टीकाकारांपैकी पुष्कळांची मुले तेव्हा इंग्रजी माध्यमात होती. निर्णय योग्य दिशेचा होता. पण इंग्रजी बोलण्याची स्वतःला कधी संधी न मिळालेल्या शिक्षकाच्या हातात पुस्तक देऊन सरकार मोकळे झाले. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने आकाशवाणीवरून ‘वुई लर्न इंग्लिश’ हा कार्यक्रम दिला. रेडिओ थांबायचा आणि वर्गातल्या मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचे, अशी त्याची रचना. शाळेबाहेरच्या तरुणाच्या हाती रॅपिडेक्सचे जाड पुस्तक होते, ज्याच्या जाहिरातीत कपिल देव झळकत असे. आमच्या वस्तीत त्याची एक प्रत सात-आठ घरांत फिरली. पाने सुटली, पण परत मागायला कोणी ना कोणी यायचे. त्या मागण्यातून ओळखी आणि वाद होत, एकमेकांची परीक्षा घेतली जाई.

मोबाईलवरून इंग्रजी देण्याचा प्रयोग भारतात दोन दशके जुना आहे. २००४ च्या सुमारास मॅथ्यू कॅम या संशोधकाने अमेरिकेतील बर्कले विद्यापीठातून उत्तर प्रदेशातील ग्रामीण मुलांसाठी मोबाईलवरचे इंग्रजीचे खेळ तयार करायला सुरुवात केली. परदेशी धर्तीचे खेळ त्या मुलांना उमगेनात, म्हणून त्याच्या गटाने गावातले पारंपरिक खेळ अभ्यासले आणि त्यांच्या बेतावर नवे खेळ रचले. साधन बनवणाऱ्याने खेड्यापुढे वाकून शिकले, असे हे विरळा उदाहरण. महाराष्ट्रात २००८ च्या अखेरीस नोकिया कंपनीने ‘लाइफ टूल्स’ नावाची सेवा प्रयोगादाखल आणली आणि २००९ मध्ये ती बाजारात आली. साध्या फोनवर संदेशातून बाजारभाव, हवामान आणि इंग्रजीचे धडे येत. शेजारच्या बांगलादेशात त्याच वर्षी बीबीसीच्या ‘जानाला’ या उपक्रमाने फोन लावून ऐकण्याचे छोटे इंग्रजी पाठ सुरू केले. नोकियाची सेवा २०१३ मध्ये बंद पडली. कंपनीचा धंदा बसला, धडे संपले. शिकणाऱ्याला कोणी विचारले नाही. सरकारी शाळा बंद करायची तर निदान मोर्चा काढता येतो. कंपनीचे अ‍ॅप बंद झाले तर मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

पुढे २०१४ मध्ये जयपूरहून ‘हॅलो इंग्लिश’ आले, त्यात मराठीतूनही शिकण्याची सोय होती. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईल हीच शाळा बनली. ‘असर’च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुले २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाली. ‘असर’च्याच २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असे दिसते. अभ्यासासाठी आदल्या आठवड्यात तो वापरलेली मुले मात्र ५७ टक्के. यंत्र पोहोचले. पण देशभरातील ग्रामीण आठवीतल्या मुलांपैकी इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचू शकणारी २०२२ मध्येही निम्म्याहून कमीच होती.

अ‍ॅपचे देणे नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. ते देणे मी रोज पाहतो. मराठीत तोंड उघडले की आपली जात कळते. ‘पानी’ म्हटले, ‘आनि’ म्हटले की वर्गात हशा पिकतो. एका ‘ण’ने पिढ्यान्‌पिढ्या मुकी केली. इंग्रजी बोलताना तीच धास्ती मुलांच्या घशात बसलेली असते. यंत्र हसत नाही. एका वाक्याला वीस वेळा अडखळले तरी ते एकविसाव्यांदा संधी देते. भातलावणीचे दिवस संपवून आलेली माझी एक विद्यार्थिनी वर्षभर वर्गात बोलली नव्हती. तिने रात्री गोधडीखाली कानात इअरफोन घालून सराव केला आणि एक दिवस उभी राहून चार वाक्ये बोलली. ज्या समाजाच्या उच्चाराला चारचौघांत नेहमी हसूच मिळाले, त्याला एकांताची ही सोय मोठी आहे.

परंतु यंत्र हसत नाही म्हणजे ते सर्वांना सारखे ऐकते, असे नव्हे. २०२० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांची बोलणे ओळखणारी यंत्रणा तपासली. गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका झाल्या, काळ्यांच्या बोलण्यात ३५. ज्या काळ्या बांधवांच्या पँथर चळवळीपासून १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी नाव घेतले, त्यांना यंत्राचा कानही परका निघाला. यंत्राला जात नसते. पण ते ज्यांच्या आवाजावर घडवले जाते त्यांना ती असते. मुळशीतल्या कातकरी मुलीचा आवाज कोणत्या कंपनीने गोळा केला असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसरा प्रश्न वाक्यांचा. मी विद्यार्थ्यांना सांगितले, महिनाभर अ‍ॅपने शिकवलेली वाक्ये वहीत उतरवा. वह्या आल्या. त्यांत विमानतळ होता, हॉटेलातली खोली होती, कॉफी होती, सुट्टीचा बेत होता आणि मुलाखतीत स्वतःची स्तुती कशी करावी हे होते. पगारातून भविष्यनिर्वाह निधी का कापला आणि तो कुठे भरला, हे कंत्राटदाराला विचारणारे वाक्य नव्हते. शिष्यवृत्ती का अडली, हे विचारणारे वाक्य नव्हते. ‘हा कागद मला वाचून समजल्याशिवाय मी सही करणार नाही’ हे वाक्य तर कोणत्याच वहीत नव्हते. आणि मुळशीला शंभर वर्षांपूर्वी जर एखादे इंग्रजी वाक्य हवे होते, तर ते हेच. अ‍ॅपची इंग्रजी गिऱ्हाइकाची आणि उमेदवाराची आहे. ती उत्तर द्यायला शिकवते. प्रश्न विचारायला शिकवत नाही.

तिसरा प्रश्न एकटेपणाचा. खुबवलीच्या किंवा लवळ्याच्या मुलांच्या हातातही मोबाईल आहे आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या फोनपेक्षा महाग आहे. पण त्यांची इंग्रजी मोबाईलवर सोपवलेली नाही. ती मुले गोलात बसून वाद घालतात, शिक्षकाला अडवतात, चुकतात आणि त्यांचे चुकणे ऐकून घेतले जाते. आपल्या मुलांना मात्र यंत्र दिले की भागले, असे मानले जाते. झिरपण्याच्या सिद्धांताचा हा नवा अवतार आहे. भरीला फोन घरातल्या पुरुषाचा असतो. ‘असर’च्या त्याच २०२४ च्या अहवालात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६.२ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडे. सावित्रीबाईंच्या नावाने सभा घेणाऱ्यांनी आपल्या घरातला फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो, हेही पाहावे.

२०१० मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावात चंद्रभान प्रसाद यांनी इंग्रजी देवीची मूर्ती पुढे आणली. देवी करण्याची कल्पना मला, बुद्धाच्या मार्गाने जाऊ पाहणाऱ्याला, रुचत नाही. पण मूर्तीची रचना विचार करायला लावते. तिच्या पायाखाली संगणक आहे. हातात लेखणी आणि संविधान आहे. यंत्र पायाखाली असावे आणि संविधान हातात असावे, हा क्रम बरोबर आहे. आज आपण यंत्र हातात घेतले आहे आणि संविधान भिंतीवर टांगले आहे.

म्हणून अ‍ॅप टाकून द्या असे मी म्हणत नाही. ते पाठमालेच्या जागी ठेवा आणि रामजींची जागा रिकामी ठेवू नका. मुळशीतच नव्हे, प्रत्येक तालुक्यात विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, तिथे संध्याकाळी दिवा असतो. एका फोनभोवती चार-पाच मुलामुलींनी बसावे. यंत्राने वाक्य द्यावे आणि मुलांनी त्यावर एकमेकांशी भांडावे. शिकलेल्याने आठवड्यातले दोन तास तिथे द्यावेत. ज्याला शिष्यवृत्तीने शिकवले त्याच्यावर तेवढे ऋण आहेच. आणि धडे आपण लिहावेत: माहितीच्या अधिकाराचा अर्ज, किमान वेतनाची मागणी, पोलिसांत तक्रार, दवाखान्याच्या बिलाचा हिशेब, परदेशातल्या विद्यापीठाला पाठवायचे पत्र. माझ्या वर्गात आम्ही असे धडे लिहायला घेतले आहेत. त्यांतली इंग्रजी अजून खडबडीत आहे. व्याकरण सावकाश सुधारेल.

शिवराम जानबा कांबळे यांनी लंडनला अर्ज पाठवला, तेव्हा तो वाचणाऱ्याला उत्तर देणे भाग पडावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. आपल्या मुलांच्या इंग्रजीकडूनही तेवढीच अपेक्षा ठेवू. ज्या दिवशी पौडच्या कचेरीत किंवा हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत आपली मुलगी एक प्रश्न विचारील आणि समोरच्याला खुर्चीत नीट बसून उत्तर द्यावे लागेल, त्या दिवशी इंग्रजी खुली झाली असे म्हणू.